गरिबी हटवायचं धोरण कुठून लिहायला घ्यायचं?

वाचकांचे प्रश्न, ताईंची उत्तरं

प्रश्न : ताई, मी मूळची लातूर जिल्ह्यातली, पुण्यात अर्थशास्त्रात एम.ए. करते. सरांनी सत्राअखेरचा प्रकल्प दिलाय : 'तुम्ही केंद्र सरकारचे सल्लागार आहात असं समजा आणि दारिद्र्य निर्मूलनाचं राष्ट्रीय धोरण दहा पानांत मांडा.' माझ्या गटाने शेती, आरोग्य, कौशल्य, महिला, डिजिटल असे अकरा मथळे काढलेत, प्रत्येकाखाली पाच-पाच शिफारशी. वाचताना कुठल्यातरी पक्षाचा जाहीरनामा वाचतोय असं वाटतं. पण त्याऐवजी काय लिहायचं तेही सुचत नाही. तुमची नोकरी गरिबी मोजण्याचीच होती. तुम्ही पहिल्या पानावर काय लिहिलं असतं?
– एक विद्यार्थिनी, पुणे

उत्तर : पोरी, आधी खुलासा. मी सल्लागार वगैरे कधीच नव्हते. १९८३ पासून २०१७ मध्ये निवृत्त होईपर्यंत राष्ट्रीय नमुना पाहणीचे फॉर्म भरत फिरले. नमुन्यात निघालेल्या घराच्या ओट्यावर बसायचं आणि विचारायचं : मागच्या तीस दिवसांत ज्वारी किती खाल्ली, त्यातली घरची किती, विकतची किती? गोडेतेल? मीठ? काडेपेट्या? विड्या? तीनशेच्या वर बाबी असत. दोन-अडीच तास सहज जायचे. मधेच घरातली बाई चुलीकडे पळायची, परत यायची, आणि 'आता काय राहिलं बाई?' म्हणून पदराने वारा घेत बसायची. दिल्लीत गरिबीचे जे टक्के छापून येतात ते तिथून निघतात. तेव्हा मी सांगेन ते ओट्यावरून दिसलेलं आहे, एवढं धरून वाच.

तुझ्या अकरा मथळ्यांना माझी हरकत नाही. पण कुठलंही धोरण हाती आलं की मी आधी दोन गोष्टी शोधते : गरीब कोण हे ठरवणार कोण, आणि पैसा कुठून येणार. पैज लावून सांगते, तुमच्या पंचावन्न शिफारशींत या दोन्ही नाहीत.

पहिलीपासून सुरुवात करू. १९६२ मध्ये नियोजन आयोगाच्या अभ्यासगटाने माणशी महिना वीस रुपये हा किमान खर्च धरला. अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ त्या गटात होते. १९७१ मध्ये पुण्याच्या गोखले संस्थेत वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी माणशी रोज २,२५० उष्मांक (कॅलरी) धरून हिशेब मांडला : खेड्यातले सुमारे चाळीस टक्के आणि शहरातले पन्नास टक्के लोक तेवढंही खाऊ शकत नाहीत. १९७९ मध्ये सरकारने खेड्यासाठी २,४०० आणि शहरासाठी २,१०० उष्मांक मानले. त्याचे १९७३-७४ च्या भावाने पैसे किती, तर खेड्यात महिना ४९ रुपये ९ पैसे. ते नऊ पैसे मला फार आवडतात. ओट्यावर बसून मी कुणाचा महिन्याचा खर्च पाच-दहा रुपयांच्या आत अचूक लिहिला असेल असं मला वाटत नाही, आणि दारिद्र्यरेषा मात्र नऊ पैशांवर! पुढे २००९ मध्ये सुरेश तेंडुलकरांच्या समितीने उष्मांकांचा खुंटा सोडला आणि शिक्षण-औषधपाण्याचा खर्च मोजणीत घेतला. तरी २०११ मध्ये सुप्रीम कोर्टात शहरात ३२ आणि खेड्यात २६ रुपये रोज असं प्रतिज्ञापत्र गेलं, तेव्हा टीव्हीवर झालेला गोंधळ तू लहान असलीस तरी ऐकला असशील.

त्या गोंधळात एक गोष्ट वाहून गेली, ती तू सोडू नकोस. दारिद्र्यरेषा देशातली गरिबी मोजायला आहे. अमुक घर गरीब की नाही हे ठरवायला नाही. महसूल मंडळाच्या ठिकाणी पर्जन्यमापक असतो. त्यावरून मंडळात पाऊस किती झाला ते कळतं. तुझ्या वडिलांच्या वावरात वाफसा आलाय का, ते त्या भांड्यात बघून कोणी सांगत नाही. आपल्याकडे मात्र नेमकं तेच केलं. पाहणीवरून राज्यात इतके टक्के गरीब, म्हणून जिल्ह्यात इतके, म्हणून तुमच्या गावात इतकीच नावं. आणि मग शाळामास्तरांना सांगितलं, जा आणि तेवढी शोधून आणा.

बरं, भांडं तरी किती नीट होतं? माझंच पाप सांगते. १९९९-२००० च्या फेरीत खाण्याच्या पदार्थांसाठी फॉर्मवर दोन रकाने शेजारी-शेजारी होते, मागचे सात दिवस आणि मागचे तीस दिवस. आधी एकच, तीस दिवसांचा असायचा. आता बाईने सांगितलं की आठवड्यात पावशेर तेल लागलं, आणि लगेच मी विचारलं महिन्यात किती, तर ती बिचारी काय करणार? मनात चारने गुणणार. तिने नाही गुणलं तर माझी पेन्सिल गुणायची, कारण दोन रकान्यांत फार फरक दिसला की तपासणारे साहेब फॉर्म परत पाठवतील ही धास्ती. त्या फेरीवरून गरिबी ३६ टक्क्यांवरून २६ वर आली असं जाहीर झालं आणि मोठमोठ्या अर्थतज्ज्ञांनी त्यावर काही वर्षं वाद घातला. वाद योग्यच होता. आम्ही ओट्यावरच्यांनी तो वर्तमानपत्रात वाचला आणि गप्प बसलो.

म्हणून पहिल्या पानावर मोजणीबद्दल एकच ओळ लिही : पाहणीचे आकडे ठरल्या तारखेला जाहीर होतील, ते सरकारच्या सोयीचे असोत वा नसोत. ही ओळ साधी वाटते. २०११-१२ नंतर २०१७-१८ मध्ये खर्चाची पाहणी झाली, पण तिचा अहवाल बाहेर आलाच नाही. पुढची झाली २०२२-२३ मध्ये. अकरा वर्षं देश जुन्या भांड्यावर चालला. नव्या पाहणीत एकाच घरी तीनदा जातात, खाण्याचं वेगळं, कपड्यालत्त्याचं-टीव्ही-फ्रिजचं वेगळं, इतर खर्चाचं वेगळं. चांगलं केलं. पण त्यामुळेच जुन्या-नव्या आकड्यांची सरळ वजाबाकी करता येत नाही. तुमच्या गटातला कोणीतरी ती करणार, त्याला थांबव.

आता मुख्य. गरीब कोण हे ठरवायचा सगळ्यात कमी वाईट मार्ग मी पाहिलाय, तो माझ्या आईमुळे. आमचं गाव बार्शी तालुक्यात. १९७२ च्या दुष्काळात मी पंधरा वर्षांची होते. गावाबाहेर रस्त्याचं काम निघालं आणि आई खडी फोडायला गेली. कामावर सुकडी मिळायची. आईची सुकडी ती खायची नाही, पदराला बांधून आणायची, आणि आम्ही तिघं वेशीपाशी उभे. रेशनवर मिलो मिळायचा, अमेरिकेची लाल ज्वारी. तिची भाकरी थापली की कडेने चिरायची. पुढच्या मे महिन्यात राज्यभरात जवळपास पन्नास लाख माणसं अशा कामांवर होती.

आमच्याकडे अकरा एकर जमीन होती. कुठल्याही यादीत आम्ही गरीब निघालो नसतो. आणि त्या वर्षी घरात दाणा नव्हता. कामावर आईला कोणी सातबारा मागितला नाही. 'येतेस का? ये. घे हातोडा.' एवढंच. पुढच्या दोन वर्षांत पाऊस बरा झाला, ती जायची थांबली. तिला कोणी यादीतून काढावं लागलं नाही.

हे आपलं मराठी माणसाने देशाला दिलेलं आहे, तू लातूरची आहेस तर हे प्रकल्पात मान वर करून लिही. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यातले. १९६९ मध्ये त्यांच्या तालुक्यातल्या काही गावांत प्रयोग झाला, १९७२ मध्ये रोजगार हमी योजना आली, १९७७ मध्ये कायदा झाला, २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. मागेल त्याला काम, पंधरा दिवसांत. न दिलं तर भत्ता. बायांना आणि बाप्यांना एकच दर. हे केंद्राने घेईपर्यंत २००५ उजाडलं.

याच्या बरोबरीने दुसरा रस्ताही देशाने धरला होता, तो विसरू नकोस. १९८० च्या २ ऑक्टोबरपासून देशातल्या सगळ्या विकास गटांत एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रम सुरू झाला. गावच्या भाषेत 'म्हशीची योजना'. यादीतल्या गरिबाला थोडं अनुदान, थोडं कर्ज, म्हैस घे, शेळ्या घे, शिलाई मशीन घे आणि रेषेच्या वर ये. मी जायचे त्या गावांत म्हैस दिसायची, चारा दिसायचा नाही. म्हैस मेली की विम्यासाठी बिल्ल्यासकट कान कापून न्यायचा. असे काही कान म्हैस गोठ्यात रवंथ करत असतानाच पोचले, हे मला एका लाभार्थ्यानेच हसत-हसत सांगितलं. नीलकंठ रथांनी १९८५ मध्येच लिहिलं होतं की या मार्गाने फार थोडी घरं रेषा ओलांडतील, मजुरीच्या कामावर भर द्या. ज्याच्याकडे ना चारा, ना पाणी, ना उरलेला वेळ, त्याला एकदम धंदेवाईक व्हायला सांगणं हा सल्ला खुर्चीतून सुचतो. तुमच्या यादीतल्या 'कौशल्य' मथळ्याखाली काय आहे ते या नजरेने एकदा पाहा.

पण रोजगार हमीतही मला एका ठिकाणी अडतं. पुस्तकात तिची थोरवी अशी सांगतात : काम कष्टाचं आणि मजुरी कमी, म्हणून सुखवस्तू माणूस येत नाही, गरीब आपोआप निवडला जातो. मी हे पहिल्यांदा एका प्रशिक्षणात फळ्यावर लिहिलेलं पाहिलं तेव्हा मला आईचे तळहात आठवले. घट्टे पडून, फुटून, परत पडलेले. खरा गरीब ओळखू यावा म्हणून काम मुद्दाम दगड फोडण्याइतकं अवघड ठेवायचं, हे मला मान्य नाही. चाळणी एवढीच पुरे : मागायला स्वतः यावं लागेल. काम पाझर तलावाचं असो, शेततळ्याचं असो, की १९९० नंतर आपल्याकडे झालं तसं स्वतःच्याच रानात फळझाडांचं असो. सावली, पाणी आणि तान्ह्या पोरांसाठी पाळणाघर कायद्यात लिहिलेलं होतंच. ते कामावर क्वचित दिसायचं.

आणि मजुरी कमी ठेवण्याचा मोह कुठे नेतो ते १९८८ मध्ये दिसलं. किमान वेतनाचा दर दुप्पट झाला, रोजगार हमीचाही त्याबरोबर वाढला. चांगलं झालं ना? झालं असं की कामावरची हजेरी घसरली. लोकांना काम नको होतं म्हणून नव्हे. कामंच निघेनात. पैसे जास्त जाणार म्हणून कामं शेल्फवरच राहिली. कायदा तसाच होता, हक्क तसाच होता, फक्त अर्ज घ्यायला कोणी नव्हतं.

म्हणून मी दिल्लीच्या सल्लागाराला सांगेन, हक्क म्हणजे तारीख घातलेली पोच. केंद्राच्या २००५ च्या रोजगार हमी कायद्यात पाहा. मजुरीचा पैसा केंद्राचा होता, आणि पंधरा दिवसांत काम न दिल्यास द्यायचा बेकारी भत्ता राज्याचा. हेतू बरा होता, की राज्य भत्त्याला घाबरून काम काढेल. झालं उलटं. भत्ता द्यायचाच नसेल तर सोपा उपाय कोणता? मागणी आलीच नाही असं दाखवायचं. नमुना चारचा अर्ज घेऊन बाई ग्रामपंचायतीत गेली की 'ठेवून जा मावशी'. पोच मागितली की पेन सापडत नाही, शिक्का सापडत नाही, ग्रामसेवक मीटिंगला गेलेले. मी बीड जिल्ह्यात एका फेरीत विचारलं होतं, काम मागितलं का? 'मागितलं.' पुरावा? बाई माझ्याकडे बघत राहिली. फॉर्मवर त्यासाठी रकाना नव्हता.

तर तुझ्या पहिल्या पानावर माझ्या मते असं काहीसं यावं. हे धोरण गरिबांची यादी करणार नाही. जो मागेल त्याला काम, आणि काम करता येत नाही त्याला, म्हणजे म्हाताऱ्याला, अपंगाला, लहान पोरं असलेल्या विधवेला, वय किंवा अवस्था एवढ्याच पुराव्यावर पैसे. मागणीची पोच देणं हे जो टाळेल त्याच्या पगारातून दंड. आणि पैसा अमुक कराचा, त्याला दुसरीकडे हात लावता येणार नाही. उरलेली नऊ पानं शाळा, दवाखाना, पाणी, रस्ते यांना खुशाल दे, तीही लागतातच.

एक मात्र प्रामाणिकपणे लिही. २००४-०५ ते २०११-१२ या काळात गरिबी तेंडुलकरांच्या रेषेने ३७.२ वरून २१.९ टक्क्यांवर आली, त्यातलं बरंच योजनांमुळे नाही. गावोगावची पोरं पुण्याला, सुरतेला गेली, बांधकामावर लागली, गावातली मजुरी वाढली. ओट्यावर बसून मला हे फॉर्मच्या एकाच बाबीवरून कळायचं : मोबाइलचं रिचार्ज. आधी ती बाब रिकामी जायची, मग ती भरायला लागली, आणि विचारलं की कळायचं, थोरला चाकणला आहे.

प्रश्न : आमच्या वडिलांचं नाव २००२ च्या सर्व्हेत बीपीएलमधून, म्हणजे दारिद्र्यरेषेखालच्यांच्या यादीतून, गेलं. शेजारचा ट्रॅक्टरवाला मात्र यादीत. आता गावातले आम्ही चाळीसजण मिळून 'नव्याने सर्व्हे करा' असा अर्ज देतोय. बरोबर आहे ना?
– एक शेतकरी, जालना जिल्हा

उत्तर : दादा, तुमचा राग बरोबर, मागणी चुकीची.

तो सर्व्हे आठवा. तेरा प्रश्न, प्रत्येकाला शून्य ते चार गुण, एकूण बावन्न. गुण जितके कमी तितके तुम्ही गरीब. एक प्रश्न होता अंगावरच्या कपड्यांचा : माणशी दोनपेक्षा कमी नग असतील तर शून्य. आता सांगा, दोन नगसुद्धा नाहीत असं कोणता बाप परक्या माणसासमोर, सुनेच्या देखत, तोंडाने म्हणेल? दुसरा प्रश्न कर्जाचा. रोजच्या खाण्यापिण्यासाठी सावकाराकडून कर्ज काढलं असेल तर शून्य, बँकेचंच असेल तर तीन, आणि कर्जच नसेल तर पूर्ण चार. ज्याला गावात कोणी पाच रुपये उसने देत नाही, त्याला कर्ज नसतंच! त्याला मिळाले चार, म्हणजे तो सुखी. आणि शेवटचा प्रश्न तर कमालीचा : तुम्हाला सरकारची कोणती मदत आवडेल? मजुरीचं काम किंवा रेशन म्हणालात तर शून्य, घर म्हणालात तर तीन. तुमच्या वडिलांनी पडकं घर दाखवून घर मागितलं असेल, तर तिथेच तीन गुणांनी ते श्रीमंत झाले असणार. ट्रॅक्टरवाल्याला कोणीतरी आधी उत्तरं सांगितली होती की नाही ते मला माहीत नाही, पण तेरा प्रश्न पाठ करायला फारसा वेळ लागत नाही.

त्यावर कडी म्हणजे वरून आलेला आकडा. नियोजन आयोगाचा अंदाज अधिक दहा टक्के, त्याच्या वर नावं जाऊ द्यायची नाहीत. म्हणजे गुणांची रेषा गावात कुठे ओढायची हे आकडा बघून ठरलं. एक नाव घालायचं तर दुसरं कापा.

आणि आपल्याकडे १९९९ पासून तीन रंगांचं रेशनकार्ड, पिवळं पंधरा हजारांच्या आतलं, ते आणखी निराळं. एकाच घराचं बीपीएलमध्ये नाव, कार्ड केशरी, असे मी कितीतरी पाहिले. गंमत अशी की दोन्ही ठिकाणी तलाठी तोच.

नवा सर्व्हे झाला तरी शिक्षक नवे, प्रश्न नवे, आकडा वरूनच. म्हणून अर्जात 'पुन्हा मोजा' लिहू नका. असं लिहा : गावाचं किती टक्के घ्यायचं त्याची मर्यादा काढा किंवा वाढवा. अन्नसुरक्षा कायद्याने २०१३ मध्ये काही प्रमाणात हेच केलं, देशाच्या खेड्यांतल्या पंचाहत्तर टक्के लोकांना धान्य. जितकी यादी मोठी तितके खरे गरीब कमी सुटतात, हा साधा हिशेब. पण तीही मर्यादा २०११ च्या जनगणनेला बांधलेली. त्यानंतर लग्न होऊन वेगळं झालेलं घर कुठे जाणार? हा मुद्दा अर्जात जरूर घाला. आणि नाव घालायचा अर्ज वर्षाच्या कुठल्याही दिवशी घेतला जावा, पोच मिळावी, यादी चावडीवर लागावी. ट्रॅक्टरवाल्याचं नाव काढा असं मात्र लिहू नका. त्याच्या दोन पोत्यांसाठी गाव भांडत बसतं आणि तुमच्या वडिलांचं नाव तसंच बाहेर राहतं.

प्रश्न : पगारपत्रकात दरमहा व्यवसाय कर २०० रुपये कापतात, फेब्रुवारीत ३००. ऑफिसातले एक काका म्हणाले, हा रोजगार हमीचा कर. खरं का? मग आम्ही कधीपासून गरिबी हटवतोय?
– एक नोकरदार, ठाणे

उत्तर : काका बरोबर आहेत. १९७५ पासून.

आमच्या काळी याला लोक सरळ 'रोजगार हमीचा कर' म्हणायचे. कायदा करताना राज्याने नुसतं 'काम देऊ' म्हटलं नाही, पैशाची सोयही बांधून दिली : नोकरदार-व्यावसायिकांवर कर, मोटारींच्या करावर अधिभार, विक्रीकरावर थोडा, बागायती जमिनीवर थोडा, शहरातल्या बिगर-निवासी इमारतींवर थोडा, आणि जेवढं गोळा होईल तेवढीच भर राज्याने आपल्या तिजोरीतून घालायची. मुंबईच्या दुकानदाराच्या पैशातून बार्शीचा रस्ता! यावर त्या वेळी कोणी मोर्चा काढल्याचं मला आठवत नाही. दुष्काळ सगळ्यांनी पाहिला होता, हे एक. आणि मुंबईला सगळं मराठवाडं-खानदेश स्टेशनावर उतरण्यापेक्षा गावातच कामाला लागलं तर बरं, हेही शहरवाल्यांच्या मनात असणारच. चालतं. चांगल्या धोरणात थोडा स्वार्थ मिसळला की ते टिकतं.

वरच्या विद्यार्थिनीने हे उत्तरही वाचावं. दांडेकर-रथांनीही १९७१ मध्ये खर्चाची बाजू अंगाबाहेर टाकली नव्हती. सगळ्यात वरच्या पाच टक्क्यांचा खर्च पंधरा टक्क्यांनी आणि त्याखालच्या पाच टक्क्यांचा साडेसात टक्क्यांनी कमी होईल असा कर बसवा, असं त्यांनी आकड्यानिशी मांडलं होतं. तसं कोणी केलं नाही, पण निदान लिहिलं तरी. आजचे मसुदे मी वाचते तेव्हा शेवटी 'आवश्यक निधीची तरतूद करण्यात यावी' असं वाक्य असतं. कोणी करावी?

तुमच्या वर्षाच्या २,५०० रुपयांचं सांगायचं तर तो आकडा राज्यघटनेतल्या मर्यादेला टेकलेला आहे, आणि ती मर्यादा १९८८ ची. तेव्हा २,५०० म्हणजे बरी रक्कम होती. महिना दहा हजारांच्या वर पगार असलेला शिपाई आणि लाखाचा पगार घेणारा त्याचा साहेब आज सारखाच कर भरतात. सरकारला सल्ला द्यायचाच असेल तर हा द्या.

प्रश्न : ताई, मी विधवा, वय ६६, परभणीला मुलाकडे असते. श्रावणबाळ योजनेच्या पेन्शनसाठी गेले तर एकवीस हजारांचा उत्पन्नाचा दाखला मागतात. मुलगा मजुरी करतो, खोटं कसं सांगू? पण पैशांची गरज आहे. काय करू?
– एक आजी

उत्तर : आजी, तुम्ही खोटं बोलत नाही आहात, दाखलाच खोटं बोलायला लावतो.

वर्षाला एकवीस हजार म्हणजे महिन्याला साडेसतराशे, अख्ख्या घराचे. सरकारनेच नेमलेल्या रंगराजन समितीने २०१४ मध्ये खेड्यातली दारिद्र्यरेषा माणशी महिना ९७२ रुपये धरली होती, तीही २०११-१२ च्या भावाने. तुमच्या घरात फक्त दोन माणसं धरली तरी १,९४४ होतात. म्हणजे दारिद्र्यरेषेवर नेमकं उभं असलेलं दोन माणसांचं घरही या योजनेला 'श्रीमंत' ठरतं. या मर्यादेत महाराष्ट्रात खरोखर कोण बसतं, ते मला चौतीस वर्षांत भेटलं नाही. तरी हजारो दाखले निघतात, कारण तहसीलमध्येही माणसंच बसतात आणि त्यांनाही आई असते.

तुम्ही एवढं करा. मुलाचं रेशनकार्ड आणि तुमचं वेगळं करता येतं का ते रेशन दुकानात न विचारता थेट तहसीलच्या पुरवठा शाखेत विचारा. अर्ज संजय गांधी योजनेच्या टेबलावर द्या, तुमच्या वयाच्या पुराव्यासह. आधार कार्डावर जन्मतारखेच्या जागी नुसतं साल छापलं असेल तर आधी ते दुरुस्त करून घ्या, नाहीतर तिथेच अडतं. बँकेचं खातं चालू आहे का बघा. नाव केंद्राच्या बीपीएल यादीत असेल तर इंदिरा गांधी वृद्धापकाळ योजनेतूनही पैसे येतात. त्यात केंद्राचा वाटा ऐंशी वर्षांपर्यंत महिना २०० रुपये. तो २००६ पासून तेवढाच आहे. एवढ्या वर्षांत तो वाढवायला कोणत्या सल्लागाराची गरज होती, असं मला विचारू नका.

आणि अर्ज दिल्यावर पोच घेतल्याशिवाय टेबलावरून हलू नका. पेन नाही म्हणाले तर तुमचं पुढे करा. मुलाला म्हणावं, आईच्या पिशवीत एक पेन ठेव, निळ्या शाईचं. काळ्या शाईची सही झेरॉक्स आहे म्हणून परत पाठवतात.